पुरे म्हणजे किती

९ जानेवारी

प्रिय आत्या,

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू तुला हवं तसं ऐकतेस, म्हणून लिहिते आहे. परवा मी म्हटलं, "बाबांचं ऑपरेशन लांबलं," आणि तू म्हणालीस, "वा, सुटला बिचारा." तेव्हा पहिल्यापासून सांगते.

बाबांचा खुबा पार झिजला आहे हे तुला माहीत आहेच. तो बदलायला हाडांचे डॉक्टर तयार आहेत. अडलं आहे ते भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंपाशी. त्यांनी बाबांना काट्यावर उभं केलं. अठ्ठेचाळीस किलो. त्या म्हणाल्या, "एवढ्या वजनावर मी यांना भूल देणार नाही. बावन्न करून आणा. मार्चअखेरीला पुन्हा बघू. तेव्हाही असेच असतील, तर मग यांना चाकाच्या खुर्चीची सवय करा." शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे बघून बोलल्या, पण ऐकलं बाबांनी.

ट्रकांच्या वजनकाट्यावर ज्या माणसाने अख्खी नोकरी काढली, त्याला वजनात नापास केलं. टॅक्सीत बसल्यावर म्हणाले, "चार किलोसाठी गाडी अडवली. आमच्याकडे चार किलो म्हणजे ड्रायव्हरचे बूट." मी हसले. घरी आल्यावर वाटलं, हसायला नको होतं. मग वाटलं, त्यांना मी हसायलाच हवी असेन.

आता खरी अडचण सांगते. ती माझ्या स्वयंपाकाची आहे. मी कशी जेवते ते तुला ठाऊक आहे. उकडलेल्या भाज्या, पातळ सूप, कोरडा टोस्ट. दिवसभर कोर्टात लघुलेखन करून बोटं इतकी आखडतात की घरी आल्यावर सुरी धरवत नाही. आई गेल्यावर बाबा माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्याही ताटात तेच वाढू लागले. त्यांनी कधी तक्रार केली नाही. तक्रार नसणं आणि आवडणं या दोन गोष्टी मी एकच धरून चालले का, हा प्रश्न डायरीत दोनदा लिहिला आहे. पुढची ओळ कोरी आहे.

डॉक्टरबाईंना विचारलं, लोणी-साय चालेल का. त्या म्हणाल्या, "हृदय विशीतल्या पोराचं आहे. लोणी, चीज, अंडी, साखर, तळलेलं, जे घशाखाली उतरेल ते घाला." अशी परवानगी मिळायला लोक नवस बोलतील, आणि मला तिचं काय करायचं ते कळत नाही.

तू इतकी वर्षं नर्सबायांच्या वसतिगृहाचं कॅन्टीन चालवते आहेस. अंगाला लागेल असं काहीतरी लिहून पाठव. मापं दे. "अंदाजे" हा शब्द नको.

तुझी भाची


१६ जानेवारी

काटेकोरबाईंना आत्याचा आशीर्वाद.

काटा सांभाळणाऱ्याची पोर काटेकोर निघणारच, म्हणून लहानपणी तुझं हे नाव ठेवलं होतं. "अंदाजे" नको म्हणे. बरं, नाही लिहीत.

यायला निघणार होते, पण नर्सबायांच्या परीक्षा तोंडावर आल्यात. परीक्षेत या पोरी अशा खातात की वाटावं, अभ्यास पोटाने करतात. मदतनीस बाई सोडून गेलीय. तेव्हा माझे हात म्हणून हे पत्र समज.

पहिले कुस्करलेले बटाटे. सहा मोठे बटाटे उकड, पाणी निथळून टाक आणि रिकाम्या पातेल्यात पुन्हा जरा विस्तवावर धर, म्हणजे उरलेली वाफ उडून जाईल. गरम असतानाच कुस्कर. आधी लोणी, शंभर ग्रॅम. हो, शंभर, डोळे चोळू नकोस. लोणी जिरलं की मग एक कप दूध, तेही कढत आणि अर्धी साय असलेलं. गार दूध ओतलंस तर सगळं गोंदासारखं होतं. मीठ, मिरपूड, वर किसलेलं चीज.

दुसरं, मॅकरोनी. लोण्यात तेवढाच मैदा मंद आचेवर परत. बिस्किटासारखा वास सुटला की थोडं थोडं दूध घालत ढवळ, गाठी धरू देऊ नकोस. दाटसर झालं की भांडं खाली उतरव आणि चीज घाल. चीज किती, तर तुला लाज वाटेल तेवढं घाल, मग आणखी मूठभर. ही मूठ मी मोजून बघितली, चाळीस ग्रॅम भरते, झालं समाधान? शिजलेली मॅकरोनी त्यात मिसळ, वरून लोण्यात घोळलेला ब्रेडचा चुरा पसर आणि ओव्हनमध्ये ठेव. वरचा थर तांबूस आणि कडा करकरीत होईपर्यंत काढू नकोस. कडा महत्त्वाच्या.

दूध साधं देऊ नकोस. प्रत्येक कपात दोन चमचे दूध पावडर ढवळून टाक. खाणाऱ्याला पत्ता लागता कामा नये.

दादाला सांग, धाकटीने विचारलंय, अजून ट्रकवाल्यांशी हुज्जत घालतोस का?

आत्या


२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

बटाटे पहिल्यांदा बिघडले. हाताने कुस्करायला बोटं नको म्हणत होती, म्हणून मिक्सरमध्ये घातले. जे तयार झालं त्याने पाकिटं चिकटवता आली असती. बाबांनी चमचा उलटा धरला, काही खाली पडेना. म्हणाले, "पकड चांगली आहे. टायरला वापरता येईल." दुसऱ्या वेळी हाताने केले आणि खरंच सांगते, पातेल्यापाशी उभं राहूनच मी चार चमचे खाल्ले.

मॅकरोनी पहिल्याच फटक्यात जमली. घरभर वास पसरला. खालच्या मजल्यावरची शिवणकामवाली विचारायला आली की आज कोण येणार आहे.

आणि इतकं करून बाबांचं वजन किती वाढलं म्हणशील, तर अर्धा किलो. माझं तीन किलो वाढलं आहे. घरात वजन चढतंय हे नक्की, पण चुकीच्या माणसावर.

दोन चमचे खातात आणि म्हणतात, पुरे. मी जबरदस्ती करत नाही. घरात अडकून पडलेल्या माणसाकडे आपलं म्हणणं तेवढंच उरतं, ते तरी मोडू नये असं मला वाटतं. पण मार्च जवळ येतो आहे. काल संध्याकाळी ते खिडकीतून रस्त्याकडे बघत होते. समोरचा म्हातारा काठी टेकत पेपर आणायला निघाला होता. बाबा म्हणाले, "चाल डावीकडे ओढते आहे त्याची. पण जातोय."

कुठे चुकतं आहे ते मला कळत नाही. म्हणून परवाच्या जेवणाचं बोलणं मी कोर्टात घेते तसं जसंच्या तसं लिहून पाठवते आहे.

मी : आणखी वाढू?
बाबा : पुरे.
मी : नक्की?
बाबा : पुरे म्हटलं ना.
(मी भांडं उचललं.)
बाबा : उरलं ते कोण खाणार?
मी : मी. उद्या डब्यात नेईन.
बाबा : बरं. ने.

यात काही सापडलं तर कळव.

तुझी भाची


८ फेब्रुवारी

अगं वेडे,

फोनवर मला ऐकू येत नसेल, पण कागदावर चांगलं ऐकू येतं. तुझं ते लिहिलेलं वाचलं आणि हातातला झारा कढईत पडला.

दादाचा "पुरे" म्हणजे पुरे नव्हे गं. आम्ही पाच भावंडं आणि भांडं एक. तुझी आजी ते भांडं थोरला म्हणून आधी त्याच्या हातात द्यायची. तो चमचाभर घ्यायचा आणि पुरे म्हणून पुढे सरकवायचा. मग क्रमाने एकेक जण, आणि शेवटी मी. मला आठवतं ते एवढंच की माझ्यापाशी यायचं तेव्हाही त्यात असायचं. मग ते फिरून त्याच्याकडे जायचं आणि तळ खरवडून तो जेवायचा. त्याचा पुरे हा "मला नको" असा नाही. "अजून कोणाचं राहिलंय का" असा आहे.

पुढे काय विचारलं त्याने ते बघ. उरलं ते कोण खाणार? आणि तू काय सांगितलंस? मी, डब्यात. झालं. तू त्याच्यापुढे धाकटी होऊन बसलीस. आता तो तुझ्या तोंडचा घास खाईल होय?

तुझी आई त्याला कधी विचारायची नाही. स्वतः आधी जेवायची, भांडं त्याच्यापुढे ठेवायची आणि कपडे वाळत घालायला निघून जायची. शेजारणी नावं ठेवायच्या, नवऱ्याच्या आधी जेवते म्हणून. त्याच्या कुलपाची किल्ली तिला माहीत होती.

तेव्हा असं कर. दोघांना संपणार नाही एवढं रांध. तू आधी जेव. तुझं झालंय असं त्याला दिसू दे. भांडं तिथेच ठेव आणि खोलीतून चालती हो. विचारू नकोस, वाढू नकोस, दारातून डोकावू तर अजिबात नकोस.

ब्रेडचं पुडिंग कर. शिळ्या ब्रेडला दोन्ही बाजूंनी लोणी फास, भांड्यात थर लाव, मधे बेदाणे. चार अंडी, वाटीभर साखर, अर्धा लिटर साईचं दूध फेटून त्यावर ओत आणि अर्धा तास मुरू दे. मग भाज. तुझ्या वाटीने नव्हे, तुझी वाटी बाहुलीची आहे. दोनशे ग्रॅम साखर.

आत्या


२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस काहीच केलं नाही. तुझ्यावर विश्वास नव्हता असं नाही. कोर्टात साक्षीदार "नाही" म्हणाला तर मी "नाही" लिहिते. त्याला काय म्हणायचं असेल हे लिहिणं माझं काम नव्हे, आणि या शिस्तीचा मला थोडा अभिमानही आहे. माझ्या बापाच्या तोंडचा शब्द बाजूला सारून त्याच्या मनातलं मी ठरवणार, हे पचेना. शिवाय "माझं झालंय" असं खोटं सांगायचं होतं.

शेवटी खोटं न सांगता करायची वाट सापडली. पुडिंग केलं, मोठ्या भांड्यात. बाबांच्या समोर बसून मी आधी जेवले, आणि इतकं जेवले की कमरेची नाडी सैल करावी लागली. मग म्हटलं, "बाबा, माझ्याच्याने आता घास जात नाही. उद्या कोर्टात एका वकिलांच्या निवृत्तीचं जेवण आहे, डबा न्यायचा नाही. हे उरलं तर वाया जाईल." यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

गॅलरीत गेले. कपडे वाळलेले होते, घड्या घालत बसले. कान आत होते. बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, आत्या चुकली. आणि मग चमचा भांड्याला लागला. थांबला. परत लागला. पुढे तो आवाज असा लागोपाठ यायला लागला की हातातल्या टॉवेलची मी कितव्यांदा घडी करते आहे ते मला कळेना.

आत गेले तेव्हा भांड्याच्या कडासुद्धा खरवडलेल्या होत्या. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. मी भांड्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मांजर आलं होतं," ते म्हणाले.

"तिसऱ्या मजल्यावर?"

"धडधाकट होतं."

त्यानंतर मांजर रोज येतं. मॅकरोनी, चीज भरून भाजलेला ब्रेड, तळलेले बटाटे, कस्टर्ड, चॉकलेटचा ओलसर केक, वर साय. आता मी गॅलरीत जायच्या आधीच ते विचारतात, "तुझं झालं ना?" झालं म्हटलं की चमचा उचलतात. काल तर टीका केली : "मॅकरोनीच्या कडा आज मऊ आहेत." मी ती टीका डायरीत लाल शाईने लिहून ठेवली.

आणखी एक. त्यांनी माझ्याकडून स्वयंपाकाचा छोटा काटा मागवून घेतला आहे. भांडं खाण्याआधी एकदा तोलतात, खाल्ल्यावर एकदा. भरलेली गाडी वजा रिकामी गाडी. आज सव्वा सहाशे ग्रॅम माल उतरला, असं मला सांगण्यात आलं.

घरच्या काट्यावर साडेपन्नास.

तुझी भाची


१ मार्च

काटेकोरबाई,

तुझं पत्र कॅन्टीनमध्ये मोठ्याने वाचलं. मांजरापाशी नर्सबायांनी टाळ्या वाजवल्या. आता रोज एक तरी पोरगी विचारते, मांजर किती झालं?

शेवटच्या टप्प्यासाठी बटाट्याच्या चकत्या. कागदासारख्या पातळ काप, भांड्यात थरावर थर, प्रत्येक थरावर मीठ, मिरपूड, जरासा लसूण. बुडतील इतकं घट्ट क्रीम ओत, वर चीज, आणि मंद आचेवर तास-दीड तास भाज. सुरी लोण्यातून जावी तशी गेली पाहिजे. हे खाऊन आमच्याकडची एक पोरगी परीक्षेत झोपली आणि तरी पास झाली.

आता तुला न आवडणारं सांगते. वजनाला नेशील तेव्हा त्याला जाड कोट घाल, खिशात किल्ल्यांचे जुडगे ठेव आणि निघताना मोठा तांब्या पाणी पाज. किलो-दीड किलो असंच निघेल. इथे सगळे तेच करतात. नाक मुरडू नकोस, पायाचा प्रश्न आहे.

आत्या


२७ मार्च

प्रिय आत्या,

काल वजन झालं. क्रमाने सांगते, मधेच शेवट वाचू नकोस.

सकाळी घरचा काटा बावन्नच्या जरा पुढे-मागे हलत होता. जरा पुढे की जरा मागे, ते मला चष्मा पुसूनही ठरवता आलं नाही. मी तुझ्या युक्तीला मनातून नाक मुरडलं होतं, हे कबूल. पण त्या काट्याकडे बघून मी कपाट उघडलं आणि बाबांचा जाड कोट काढला. बाहेर ऊन होतं. त्यांनी कोटाकडे बघितलं, आणि हात बाह्यांत घातले. पाणी दिलं तेही प्यायले. मला वाटलं, त्यांनाही पटलं. टॅक्सीत मी स्वतःशी वाद घालत होते की हे खोटं की नुसता कोट. निकाल लागला नव्हता आणि दवाखाना आला.

काट्यापाशी नर्स म्हणाली, "या आजोबा, असेच उभे राहा." बाबा म्हणाले, "थांबा."

त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला. बूट काढले. चष्मा, घड्याळ, खिशातला रुमाल, एकेक करून सगळं माझ्या हातावर ठेवलं. माझी मान खाली गेली. मग नर्सला म्हणाले, "काटा रिकामा असताना काय दाखवतो ते आधी बघा."

तिने बघितलं. रिकामा काटा तीनशे ग्रॅम कमी दाखवत होता.

"शून्यावर आणा," बाबा म्हणाले. "मी छत्तीस वर्षं कोणाला फुकट चढवलं नाही आणि कोणाचं कापलंही नाही."

डॉक्टरबाई दारात येऊन उभ्या होत्या. नर्सने काटा शून्यावर आणला. बाबा माझा खांदा धरून चढले आणि मग म्हणाले, "खांदा सोडतोय. आधार धरला तर वजन खोटं येतं." सोडला. एका पायावर सगळा भार होता, ओठ पांढरे पडले होते, पण हलले नाहीत. आकडा थरथरला आणि थांबला. बावन्न किलो आठशे.

"निघताना पाणी प्यालोय," बाबा म्हणाले. "मोठा तांब्या. अर्धा किलो धरा आणि वजा करा."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "केलं. बावन्न तीनशे. उरलेल्या तीनशेचं काय करू?"

"राहू द्या. वाटखर्चाला."

आत्या, मी दवाखान्याच्या त्या काट्यापाशी कोट, बूट, चष्मा आणि घड्याळ घेऊन उभी होते आणि मला डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

डॉक्टरबाईंनी कागदावर सही केली. सात एप्रिलला ऑपरेशन. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "चार किलो सांगताना मला वाटलं होतं, दोन जमले तरी खूप. काय खायला घातलंत?" मी मॅकरोनी सांगितली. त्यांनी ती औषधाच्या चिठ्ठीच्या मागे लिहून घेतली. चीजचं प्रमाण विचारलं. मी म्हटलं, लाज वाटेल तेवढं, आणि वर चाळीस ग्रॅम.

तुझी भाची


२५ मे

धाकटे,

पत्र पोरीने लिहायला घेतलं होतं, ते काढून घेतलं. ऑपरेशन झालं. खुबा नवीन आहे, आवाज करत नाही. पहिला आठवडा वाईट गेला. ते लिहीत नाही, गेला तो गेला. काल काठी घेऊन तीन मजले उतरलो आणि पेपर आणला. समोरचा म्हातारा भेटला. त्याला सांगितलं, तुझी चाल डावीकडे ओढते. तो म्हणाला, तुझी उजवीकडे. आता रोज बरोबर जातो, म्हणजे सरळ जातो.

दोन गोष्टी तुझ्या कानावर घालायच्या आहेत. फोनवर जमलं नसतं.

पोरीला वाटतं, तिने मला युक्तीने खायला घातलं. पहिल्याच दिवशी कळलं होतं. गॅलरीच्या काचेतून ती दिसत होती, एकाच टॉवेलची परत परत घडी करत होती. पोर इतकी घाबरलेली मी कधी बघितली नव्हती. पहिले चार घास तिच्यासाठी खाल्ले. पाचवा माझ्यासाठी. तिला सांगू नकोस, तिला उगाच प्रश्न पडतील.

दुसरी गोष्ट. तुझी पत्रं पोरीच्या टेबलावरच पडलेली असतात, ती वाचली. भांडं शेवटी माझ्याकडे यायचं म्हणून तू इतकी वर्षं मला थोर समजत आलीस असं दिसतं. अगं, तळाला खरपूस लागलेलं असायचं. तुम्ही चौघं वरचं मऊ मऊ खाऊन भांडं सोडायचात. मी काय वेडा होतो आधी खायला? पुरे म्हणायचं आणि वाट बघायची. मॅकरोनीच्या कडांचं तू तिला कळवलंस तेव्हा वाटलं, हिला माहीत आहे. नव्हतं तर.

वजन छप्पन्न. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता आवरा. मी म्हटलं, बघू.

जूनच्या पहिल्या सोमवारी तुझ्याकडे येतो आहे. पोरगी बरोबर आहे, पण बॅग माझी मी उचलणार. ती म्हणत होती, कॅन्टीन कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का, हे आत्याला विचारून घेऊ. मी विचारू दिलं नाही. जिथे असेल तिथे चढून येतो. तू वर राहा, खाली घ्यायला येऊ नकोस.

दादा